मेचनिकॉफ यांचे दही

रक्तातील पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकतात, या सिद्धांताबद्दल 1908 चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासमवेत ज्यांना बहाल झाले, ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ हेच दह्याच्या आधुनिक कीर्तीचेही आद्य प्रवर्तक होत. मोठ्या आतड्यात अन्न कुजून निर्माण होणारी विषे रक्तात भिनतात व माणसास अकाली वार्धक्य आणतात, अशी त्यांची धारणा होती. आणि बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकऱ्यांच्या नित्य आहारातील आंबट दुधाचा, तसेच स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन तरुणाने 1905 मध्ये जिनिव्हा येथे त्या दुधात शोधलेल्या दंडाणूचा दाखला देऊन, दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू त्या कुजण्यास पायबंद घालतील, असे त्यांनी हिरिरीने प्रतिपादिले. ते स्वतः आंबवलेले दूध नेमाने घेत असत. 1916 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते निवर्तले.

त्यांच्या सिद्धांताचा सारा मजकूर काळाने मंजूर केलेला नाही. दह्यातील तो दंडाणू मानवी आतड्यात कायमचा मुक्काम करीत नाही, हे पुढे सिद्ध झाले. खाणे थांबले की तो काही दिवसांत नाहीसा होतो. तथापि, वाटेने जाताजाताही तो उपयोगी पडतो. ज्यांना दूध पचत नाही, ज्यांचे पोट त्यातील दुग्धशर्करेमुळे फुगते, त्यांना दही पुष्कळदा सोसते, कारण त्यातील जिवंत जंतूंचे विकर ती शर्करा फोडण्यास साहाय्य करते. प्रतिजैविक औषधांच्या पाठोपाठ लागणारे जुलाब काही विशिष्ट जंतूंच्या सेवनाने कमी होतात, असाही अनेक चाचण्यांचा निष्कर्ष आहे. मात्र ‘प्रोबायोटिक’ ही पदवी नेमक्या वाणाच्या, पुरेशा संख्येने जिवंत असलेल्या आणि हितकारक ठरलेल्या जंतूंनाच लागू होते. घरच्या विरजणात कोणते जंतू नांदतात याचा तपशील कोणी तपासलेला नसतो, म्हणून त्यास औषध न मानता उत्तम अन्न मानणे मला अधिक प्रामाणिकपणाचे वाटते.

रक्ताविषयी बोलताना तर अधिकच संयम हवा. प्रोबायोटिक दह्याच्या नियमित सेवनाने रक्तातील कोलेस्टेरॉल किंचित उतरल्याचे काही प्रयोगांत आढळले आहे. पण तेवढ्यावर वैद्याने दिलेली गोळी सोडणे हा आत्मघात होय. मांसमत्स्य वर्ज्य असणाऱ्या आपल्याकडील असंख्य कुटुंबांत, तांबड्या पेशींच्या घडणीस अत्यावश्यक असलेल्या ब-12 जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळते, आणि दूध, दही व ताक हेच अशा घरांतील त्याचे मुख्य नैसर्गिक साधन असल्यामुळे तेथे दह्याची वाटी केवळ रुचीसाठी नसते. उलट, लोहाच्या बाबतीत दही दरिद्रीच. त्यातील कॅल्शियम अन्नातील लोह शोषले जाण्यास काहीसा अडथळाही करते, म्हणून पांडुरोग झालेल्या स्त्रीने लोहाची गोळी दह्याताकाबरोबर घेऊ नये.

आणखी एक गोष्ट गृहिणींनी ध्यानी ठेवावी. उकळलेल्या कढीत ताकाची चव व पोषण उरते, परंतु त्यातील जंतू आचेने मरतात. जिवंत जंतूंचा लाभ हवा असेल, तर दही न तापवता, ताजे असताना, रोजच्या जेवणात थोडेथोडे घ्यावे. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती गंभीर आजाराने खचली आहे, त्यांनी कोणतेही प्रोबायोटिक सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.