लोकल न्यूजग्रुप दिसत नाही? चार ठिकाणी बघा

मी बोलतोय खडकवासल्याहून. आजचा भाग जरा टेक्निकल आहे, पण घाई नाही. कमांड आणि फाइलींची नावं ऐकायला सोपी जावीत म्हणून उच्चाराप्रमाणे सांगतोय. टाइप करताना ती इंग्रजीतच करा.

आधी यूजनेटबद्दल. 1979 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली. यात मालक असा कुणी एक नाही. प्रत्येक सर्व्हर मेसेजची आपली प्रत ठेवतो आणि शेजारच्या सर्व्हरला देतो. नव्वदच्या दशकात परदेशातली मराठी मंडळी 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' या ग्रुपवर गप्पा मारायची. फेब्रुवारी 2024 मध्ये गुगल ग्रुप्सने यूजनेटचे नवे मेसेज घेणं थांबवलं. यूजनेट मात्र चालूच आहे, आणि सर्व्हर आजही कुणीही चालवू शकतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एका जुन्या लॅपटॉपवर आयएनएन हा फुकट मिळणारा न्यूज सर्व्हर आहे. ग्रुप तीन: लोकल.पाणी, लोकल.पार्किंग, लोकल.गणपती. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी वायफायवर चालतात. असे ग्रुप करताना बहुतेकांची तक्रार एकच असते: "केला, पण दिसतच नाही!" मग क्रमाने बघायचं.

पहिलं, ग्रुप खरंच तयार झालाय का? सर्व्हर चालू हवा, आणि 'सीटीएल-आयएनएनडी न्यूग्रुप' ही कमांड 'न्यूज' या युजरने द्यायला हवी. मग 'अ‍ॅक्टिव्ह' फाइल उघडा. ओळीत ग्रुपचं नाव, दोन आकडे आणि शेवटी एक अक्षर असतं. वाय म्हणजे सगळ्यांना लिहिता येतं. एन म्हणजे इथून लिहिता येत नाही. एम म्हणजे मेसेज आधी मॉडरेटरकडे जातो. लिहिलेलं गायब होत असेल तर हे अक्षर बघा. आणि सर्व्हर चालू असताना ही फाइल हाताने बदलू नका.

दुसरं, वाचणाऱ्याला परवानगी आहे का? सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. 'रीडर्स.कॉन्फ' मध्ये सुरुवातीला फक्त त्याच मशीनला परवानगी असते. म्हणून लॅपटॉपवर ग्रुप दिसतो आणि मोबाइलवर 502 येतं. घरच्या वायफायच्या पत्त्यांसाठी 'ऑथ' आणि 'अ‍ॅक्सेस' असे दोन ब्लॉक घाला. लागू होणाऱ्या ब्लॉकपैकी शेवटचा चालतो, हे लक्षात ठेवा. मग अ‍ॅपमध्ये ग्रुपची यादी पुन्हा मागवा, जुनी यादी तिथे तशीच राहिलेली असते.

तिसरं, मेसेज ठेवायला जागा सांगितली आहे का? 'स्टोरेज.कॉन्फ' मध्ये तुमच्या ग्रुपला लागू होणारी ओळच नसेल, तर मेसेज साठवला जात नाही. लॉग वाचा, कारण तिथे लिहिलेलं असतं.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं: ग्रुप बाहेर तर जात नाही ना? नावात 'लोकल' आहे म्हणून तो लोकल राहत नाही. तुमचा सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरला जोडलेला असेल तर 'न्यूजफीड्स' फाइल बघा. तिथेही शेवटचा जुळणारा नियम चालतो. आधी "लोकल नको" आणि नंतर "सगळं द्या" लिहिलंत, तर सगळंच जातं. उद्गारचिन्ह लावून ग्रुप वगळला, तरी तोच मेसेज दुसऱ्या एखाद्या ग्रुपलाही टाकलेला असेल तर तो बाहेर पडू शकतो. म्हणून उद्गारचिन्हाऐवजी 'अ‍ॅट'चं चिन्ह लावा, त्याने असा मेसेजही अडतो.

आता विचार करा, कुणी लिहिलं, "आठ दिवस गावाला चाललोय, जरा घराकडे लक्ष ठेवा." शेजाऱ्यांसाठी ठीक आहे. पण एकदा प्रती शंभर सर्व्हरवर पोहोचल्या की 'डिलीट फॉर एव्हरीवन' नाही. म्हणून जोडणी करायच्या आधी चौथी तपासणी करा, नंतर नाही.

तुमचा ग्रुप कुठल्या पायरीवर अडलाय ते कळवा. भेटू पुढच्या भागात!