पुसलं तरी जागा का होत नाही?

चिखली-मेहकरकडच्या गटांतून एकच तक्रार येते: फोटो पुसले, तरी मोबाइल 'स्टोरेज फुल' म्हणतो अन् ऐन बैठकीत फोटो निघत नाही.

पुसलेला फोटो लगेच जात नाही. बहुतेक मोबाइलांत तो 'ट्रॅश' किंवा 'बिन'मध्ये ३० दिवस पडून राहतो, जागाही अडवतो. ती पेटी रिकामी करा. पण आधी उघडून बघा हो. मोबाइल लेकरांच्या हाती असतो, ठरावाचं पान तिथंच सापडायचं.

खरा ढीग व्हॉट्सॲपचा. सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज'. मोठे व्हिडिओ वरच दिसतात. सुप्रभातची फुलं खुशाल काढा!

गुगल फोटोजमध्ये मात्र सांभाळून. तिथं 'डिलीट' केलं तर गुगलवरची प्रतही जाते. बॅकअप झाला असेल तर 'फ्री अप स्पेस' दाबा, फक्त मोबाइलमधली प्रत निघते. फुकट जागा १५ जीबी, मेलसकट. जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजतात.

पासबुक, हप्त्याच्या पावत्या, इतिवृत्त यांचे फोटो दुसऱ्या ताईला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, अक्षर फुटत नाही. तिनं उघडून वाचले, की मगच तुमच्याकडचे पुसा.