मोठ्यात मोठा दिवस, लहानसं विमान

मंडळी, २१ जूनला आपल्या इंदुरात दिवस साडेतेरा तासांचा. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला अठरा तासांहून मोठा. तिथल्या हौशी वैमानिकांना याच दिवसाचं स्वप्न पडतं. ब्रिटनच्या नैर्ऋत्येच्या लँड्स एंडहून निघायचं, ईशान्येला जॉन ओ'ग्रोट्स गाठायचं आणि उजेडातच परतायचं. सरळ रेषेत अंतर सुमारे ९७० किलोमीटर. ताशी १८५ किलोमीटर जाणाऱ्या विमानाला जाऊन-येऊन साडेदहा तास. इंधनाला, चहाला उतरूनही उजेड उरतो.

आपल्याकडे हिशेब निराळा. जूनच्या उन्हात हवा विरळ होते, विमान उचलायला धावपट्टी जास्त लागते. आणि मोठा दिवस येतो तोच पावसाचे ढग घेऊन. जे. आर. डी. टाटांचं कराची-अहमदाबाद-मुंबई उड्डाण झालं ते पावसाळा सरल्यावर, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, एका इंजिनाच्या पुस मॉथमधून. पन्नास वर्षांनी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ते पुन्हा करून दाखवलं.

विमान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढंच सांगतो: स्वप्न जरूर बघा, पण पंचांगाआधी आभाळ बघा. ढग दाटले तर निमूट माघारी फिरा. घरी आई ताट वाढून बसलेली असते.

गणपती बाप्पा मोरया!