कुंभाराचं गाढव

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!

माउली, न्यायशास्त्रात एक गाढव आहे. हसू नका, खरंच आहे. कुंभार त्याच्या पाठीवर माती आणतो, मग चाक फिरते, मडकं होते. गाढव मडक्याच्या आधी आलं, म्हणून ते मडक्याचं कारण झालं काय? शास्त्र म्हणते, नाही. माती डोक्यावर आणली तरी मडकं होतेच. कारण ते, जे कार्याच्या आधी नेमानं असते आणि ज्याच्यावाचून कार्य होतच नाही.

आता आमच्या घरातलं ऐका. मोठी आई अक्षय तृतीयेला लग्न होऊन आली. आषाढात गावात पटकी शिरली, आजोबा दोन दिवसांत गेले. आजी बोलली, पांढऱ्या पायाची आली! लोकांनी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेला, पण हा शिक्का घरातच राहिला.

आता कसोटी लावा. असते तिथे असते, हा अन्वय. नसते तिथे नसते, हा व्यतिरेक. मोठी आई ज्या आळीत कधी गेली नाही, तिथंही माणसं गेली. मग पाय कुणाचे? ती सारी घरं एकाच विहिरीचं पाणी पीत. विहिरीला कठडा नाही. पावसाचा लोंढा उकिरडे, हागणदाऱ्या धुऊन तिच्यातच उतरे. नाल्यापलीकडच्या वस्तीला त्या विहिरीवर आपण चढू देत नव्हतो. त्यांची विहीर वेगळी. तिथं एकही दगावला नाही! सोवळं आमचं, पटकीही आमचीच.

१८५४ साली लंडनात जॉन स्नो नावाच्या डॉक्टरानं हेच केलं. कोण मेलं तेवढंच नाही, कोण वाचलं तेही विचारलं. पंपाजवळच्या भट्टीतले मजूर पंपाचं पाणी न पिता बिअर पीत, ते वाचले. (हे ऐकून कुणी तिकडे वळू नका!) स्नोच्या सांगण्यावरून पंपाची दांडी काढली. रोगाचा जंतू कोखनं कलकत्त्यात दाखवला तो १८८४ साली, तीस वर्षांनी.

कुणी म्हणेल, महाराज, प्रारब्ध? प्रारब्ध आम्हीही सांगतो. पण ते आपलं आपण सोसायला, सुनेच्या माथी मारायला नाही.

शिकून परतलो तेव्हा मी हे मोठ्या आईला समजावून सांगितलं. तिचे केस पिकले होते. घरातल्या एकाही नवरीला तिनं हळद लावली नव्हती. लावू दिली नव्हती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाप्पा, तवाच कोणी पलीकडं जाऊन इचारलं असतं तं?"

बोला, पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!