बाई अडली म्हणजे काय?



‘बाई अडली’ हे शब्द आपल्या खेड्यात सगळ्यांनी ऐकलेले आहेत. आज मी ते मुद्दाम पुरुषमंडळींसमोर काढतोय. गाडी बोलवायची की सकाळपर्यंत वाट पाहायची, हे बहुतेक घरांत ओसरीवरच ठरतं ना!

मूल कमरेच्या हाडांच्या कड्यातून बाहेर येते. कडे अरुंद असले, मूल मोठे असले किंवा पोटात आडवे असले, तर कळा कितीही जोराच्या येवोत, मूल पुढे सरकत नाही. गाडी बोळात रुतली आणि बैलांना चाबूक ओढला, तर गाडी निघते का? पोट दाबणे, घरीच कळांचे इंजेक्शन टोचून घेणे हा तसाच चाबूक आहे. त्याने गर्भाची पिशवी फाटू शकते. पिशवी फाटली की जोराच्या कळा एकाएकी थांबतात. घरच्यांना वाटतं, पोरीला जरा आराम पडला. तो आराम नव्हे! आत रक्त वाहत असते आणि थोड्याच वेळात मायलेकरू दोघेही हातचे जातात.

वाचलेल्या बाईचेही हाल होतात. मुलाचे डोके फार वेळ अडून राहिले की लघवीची पिशवी हाडावर चेपते आणि काही दिवसांनी लघवी सारखी झिरपू लागते. बायका लाजेने बोलत नाहीत. तिला वेगळी बसवू नका, यावर शस्त्रक्रिया होते.

तेव्हा कळा सुरू होताच दवाखाना गाठा. हात किंवा नाळ आधी दिसली, तर १०८ ला फोन करायला क्षणभरही थांबू नका. खर्चाची धास्ती नको. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जाण्यायेण्याची गाडी, सारे मोफत आहे. सिझेरियन जवळ कुठे होते, हे मात्र आठव्या महिन्यातच आशाताईंना विचारून ठेवा.

अठराच्या आत लग्न झालेल्या मुलीचे कडे पुरते वाढलेले नसते. तिला लवकर दिवस जाऊ देऊ नका.

आणि एकदा सिझेरियन झाले, तर पुढची दोन वर्षे तरी पुन्हा दिवस राहू नयेत. टाक्यांच्या जागी पिशवी उलण्याची भीती असते. तांबी बसवायची की दुसरे साधन वापरायचे, हे दवाखान्यातून घरी निघण्याआधीच दोघांनी नर्सबाईंशी बोलून घ्या.