लाभांश : बियाणे राखून खावयाचे पीक

(जोयडा तालुक्यातील ग्रामस्थांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घरात कितीही अडचण असली तरी बियाण्यासाठी राखलेले भात दळावयाचे नसते, हे काळी नदीच्या खोऱ्यातील शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. पैशाच्या व्यवहारात मात्र बियाणे कोणते आणि पीक कोणते, हे ओळखणे तितके सोपे नसते. शेअर व म्युच्युअल फंड यांच्या लाभांशाचा विचार करताना हाच भेद प्रथम ध्यानी घेतला पाहिजे.

या तालुक्याला कारखानदारी अपरिचित नाही. शेजारच्या दांडेलीत १९५५ साली वेस्ट कोस्ट पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली. येथील अरण्यातला बांबू तेथे कागदासाठी गेला आणि गिरणीने परिसरात रोजगारही निर्माण केला. याच कंपनीचे शेअर मुंबईच्या बाजारात विकत मिळतात व ते घेणारा तिच्या मालकीत अंशतः वाटेकरी होतो, ही बाजू मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कामगाराला वेतन मिळते, कर्ज देणाऱ्याला व्याज मिळते. कच्चा माल, वेतन, व्याज आणि कर ही सारी देणी भागल्यावर जे उरते, ते भागधारकांचे. त्यातील काही भाग लाभांश म्हणून वाटला जातो आणि उरलेला धंद्याच्या वाढीसाठी ठेवला जातो. म्हणून लाभांश म्हणजे व्याज नव्हे. नफा नसेल त्या वर्षी तो मिळेलच, अशी हमी कोणी देऊ शकत नाही.

दीर्घकाळ धीर धरल्याने काय साधते, याचे उदाहरण खानदेशातील अमळनेर येथे आहे. तेथे १९४५ साली वनस्पती तूप तयार करणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. तीच पुढे विप्रो झाली. गावातील अनेकांनी तिचे शेअर घेतले आणि कित्येक घरांतून ते पुढच्या पिढीपर्यंत जपले गेले. १९९७ च्या बोनसपूर्वी ज्याच्याकडे १० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर होता व ज्याने तो विकला नाही, त्याच्याकडे त्यानंतरचे बोनस आणि १९९९ चे विभाजन धरून २०२४ अखेर ८०० शेअर झाले. बोनसने केवळ संख्या वाढते, एका भाकरीचे अधिक तुकडे होतात. संपत्ती वाढली ती कंपनीचा धंदा वाढला म्हणून. शिवाय वर्षोवर्षीचा लाभांश वेगळा.

परंतु प्रत्येक गावाला अमळनेरचे भाग्य लाभत नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील अनेक कापड गिरण्या बंद पडल्या, तेव्हा कामगारांबरोबर भागधारकांचेही नुकसान झाले. यास्तव सारा पैसा एकाच कंपनीत घालणे शहाणपणाचे नाही. अनेक कंपन्यांत पैसा विभागला जावा, यासाठी म्युच्युअल फंडाची सोय आहे. तेथे दरमहा थोडी रक्कमही गुंतविता येते.

फंडाच्या लाभांशाविषयी मात्र अधिक सावध असावे. फंड जेव्हा लाभांश देतो, तेव्हा त्याच्या युनिटचे मूल्य तेवढ्याने उतरते. ते कणगीतूनच काढलेले धान्य होय. म्हणूनच २०२१ पासून या पर्यायाच्या नावातच भांडवल काढून घेतले जाण्याचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. १९६४ साली युनिट ट्रस्टने सुरू केलेली यूएस-६४ ही योजना मध्यमवर्गीयांच्या घरोघरी पोहोचली होती. तिच्या युनिटची किंमत प्रत्यक्ष मालमत्तेच्या मूल्यावर नव्हे, तर संस्थेने जाहीर केलेल्या दरावर ठरत असे. लाभांश मिळत राहिला, पण पाठीमागची मालमत्ता तितकी उरली नाही. जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री थांबविण्यात आली आणि निवृत्तांची पुंजी अडकली. पुढे शासनाला हस्तक्षेप करावा लागला.

या तालुक्यात ही गोष्ट विशेष मोलाची आहे. सुपा धरणाच्या पाण्याखाली जुने सुपा गाव गेले आणि विस्थापितांनी रामनगरसारख्या ठिकाणी नव्याने संसार मांडले. जमिनीच्या मोबदल्यात आलेला पैसा हे उत्पन्न नव्हे. तो जमिनीच्या जागी आलेले बियाणे असतो. आजारपण, शिक्षण व दोन-तीन वर्षांचा घरखर्च यांसाठी लागणारी रक्कम बँकेत किंवा टपाल कार्यालयातच असावी. सात-दहा वर्षे हात लावावा लागणार नाही, एवढाच पैसा शेअर बाजाराकडे वळवावा. कर्ज काढून शेअर घेऊ नयेत. ठराविक परताव्याची हमी देणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवावे व तो ‘सेबी’कडे नोंदलेला आहे की नाही, याची खात्री करावी.

कागदपत्रांची निगा हीदेखील गुंतवणूकच आहे. सलग सात वर्षे लाभांश न उचलल्यास ती रक्कम, आणि त्याबरोबर ते शेअरही, केंद्र शासनाच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. अर्ज करून ते परत मिळविता येतात, पण खटपट मोठी असते. नामनिर्देशन करावे, बँक खाते व पत्ता अद्ययावत ठेवावा आणि कोठे काय गुंतविले आहे ते घरातील स्त्रियांना व मुलांना सांगून ठेवावे. पेरणाऱ्याच्या पश्चात घरच्यांना शेताची हद्द ठाऊक असली, तरच पीक घरात येते.