गार्ड मिळाला का?

संमेलनाध्यक्ष, डॉक्टर आणि वकील मित्रहो, तुरुंग व पोलीस खात्यातील सहकाऱ्यांनो, आणि शिक्षा भोगून आज उजळ माथ्याने इथे बसलेल्या बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपले स्वागत. स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी सांगावी, असा रिवाज आहे आणि पुणेकराला त्यासाठी आग्रह लागत नाही. मी मात्र एकच रात्र सांगतो.

१२ जानेवारी १९२४. येरवडा तुरुंगातला एक बंदी पोटदुखीने हैराण झालेला. त्याला ससून रुग्णालयात आणले आणि त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्स काढले. मध्येच वीज गेली, तेव्हा कंदिलाच्या उजेडात काम पुरे केले. बंदी होते महात्मा गांधी. राजद्रोहासाठी सहा वर्षे ठोठावणाऱ्या सरकारच्याच डॉक्टरने त्यांना वाचवले. शेजारच्या बराकीतल्या कुणासाठी एवढी धावपळ झाली असती, असे समजण्याइतका मी भाबडा नाही.

उमेदवारीच्या काळात एका जिल्ह्याच्या गावी माझ्या ओपीडीत एक न्यायाधीन बंदी आला. मधुमेही, पायाला जखम. दवाखान्यात पाठवण्याच्या चिठ्ठीवरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. मी त्याच्यावरच खेकसलो, "इतके दिवस काय करत होतास?" तो म्हणाला, "साहेब, गार्ड नव्हता." बोट कापावे लागले. खेकसल्याची लाज अजून वाटते.

गार्ड म्हणजे बंद्याला दवाखान्यात नेणारे पोलीस. सण आला, मंत्र्यांचा दौरा आला, की गार्ड तिकडे. बाहेरच्या माणसाला मिळतो त्याच दर्जाचा उपचार बंद्यालाही मिळावा, असे संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे मंडेला नियम सांगतात. आपल्या तुरुंगांत तर दर चारांतले सुमारे तिघे न्यायाधीन, म्हणजे अजून दोषी न ठरलेले. कंपवाताने हात थरथरणारे ८४ वर्षांचे धर्मगुरू स्टॅन स्वामी त्यांतलेच. हायकोर्टाच्या आदेशाने त्यांना तळोजा तुरुंगातून वांद्र्याच्या रुग्णालयात हलवले खरे, पण जामिनाचा निकाल लागण्याआधीच, ५ जुलै २०२१ ला, ते गेले.

म्हणून पहिल्या सत्रात आम्ही तज्ज्ञांआधी गार्ड ड्यूटी केलेल्या एका हवालदारांना बोलावले आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांची वेळ दुपारची छापली आहे, ती कृपया सकाळची समजावी. दुपारी त्यांना बंदोबस्त लागला आहे.